कुत्रा, मांजर आणि गुंड्या

आत्मारामराव चौगुल्यांइतका नाकासमोर चालणारा माणूस अख्ख्या दुबईत शोधून सापडला नसता. आणि अशा माणसांचं बहुधा जे होतं तेच त्यांचंही झालं. समोरचं सगळं दिसलं, पाठीमागचं राहून गेलं.

कोल्हापूरचा हा माणूस तिशीच्या आतबाहेर इथे आला आणि एका मराठी कंत्राटदाराच्या कंपनीत मंदूब म्हणून लागला. मंदूब म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी खिडक्यांवर उभा राहणारा गडी. कुणाचा व्हिसा काढ, कुणाचा वाढव, कुणाचा रद्द कर, हेच काम. त्यात त्यांची साठी उलटली. कंपनीनेच अल बर्शात दोन खोल्यांचा फ्लॅट दिला होता. घरात कपाटापेक्षा फायली जास्त, असं त्यांची बायको कमलिनीबाई म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. ताकही फुंकून पिणारा माणूस. सही करताना पेन आधी दुसऱ्या कागदावर चालवून बघणार, मग खऱ्या कागदाला लावणार.

नोकरी संपून परत जाणारे कामगार त्यांच्यासमोर यायचे. कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणाला कधी एकदा गाव गाठतो असं झालेलं. आत्मारामराव त्यांचा व्हिसा रद्द करून आणायचे, पासपोर्ट हातात ठेवायचे आणि दरवेळी तेच बोलायचे. "झालं, खलास. आता बिनघोर जा. इथे यायला सतरा कागद लागतात, आपल्या घरी जायला काय लागतं? तिकीट!" माणूस हसायचा. ह्या वाक्यावर आत्मारामरावांचा पुरा विश्वास होता.

गुंड्या घरात आला तो ऑगस्टातल्या एका दुपारी. बिल्डिंगचा वॉचमन वली दारात उभा होता आणि त्याच्या हातात एक पिंजरा होता.

"साब, चौथे माले वाली मॅडम चली गई. रूम खाली. ये नीचे कचरे के डब्बे के पास रखा था. मर जाएगा, साब."

पिंजऱ्यात तळाशी काहीतरी लांबुळकं पसरलं होतं, ओला पायमोजा टाकावा तसं. कमलिनीबाई पदर खोचून पुढे आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, मुंगूस!"

मुंगूस नव्हतं ते, फेरेट होतं. मुंगसाचा लांबचा भाऊबंद म्हणावा असं अंग, मऊ फिकट केस, डोळ्यांवर काळपट पट्टा, आणि बघणाऱ्याला वाटावं की आत्ता काहीतरी उचलून पळेल. त्या घडीला मात्र ते कुठेच पळणार नव्हतं. ह्या जातीला ऊन सोसत नाही, आणि बाहेर तर नुसती भट्टी लागलेली. कमलिनीबाईंनी एसी वाढवला, टॉवेल भिजवला, बोटाने थेंब थेंब पाणी पाजलं. संध्याकाळी त्या पायमोज्याने मान उचलली आणि त्यांच्या बोटाला जीभ लावली.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. "टाकून गेली! वर कडी घालून टाकून गेली मेली. त्याला निदान पळायची तरी सोय ठेवायची." नोकरी गेली, देश सोडावा लागला, रातोरात गाशा गुंडाळला, असं कितीतरी जणांचं होतं आणि कुत्री-मांजरं मागे राहतात, हे आत्मारामराव जाणून होते. त्यांनी तसं सांगूनही बघितलं. बाईंनी एकच उत्तर दिलं. "अडचण सगळ्यांनाच असते. म्हणून काय टाकून जायचं?"

मंदूबाच्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. हा प्राणी घरात ठेवणं कायद्यात बसतं का? इथे वाघ-सिंह पाळणाऱ्या हौशी लोकांमुळे जंगली जनावरांबद्दल कडक कायदा झालेला त्यांना ठाऊक होता. उद्या कुणी तक्रार केली तर? दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते पिंजरा घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरने सांगितलं की ही पाळीव जात आहे, जंगलातून धरून आणलेली नव्हे, घाबरू नका. पण रेबीजची लस, दुसऱ्या रोगांची लस, मानेत चिप आणि तिच्या नोंदीत मालकाचं नाव, एवढं करून घ्या. आत्मारामरावांनी मंत्रालयाच्या मदतीच्या नंबरावर फोन करून खात्री केली. घरमालकाचं परवानगीचं पत्र आणलं. मग कुठे त्यांच्या घशाखाली घास उतरला.

मालकाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी सवयीने स्वतःचं ओळखपत्र पुढे केलं. कमलिनीबाईंनी ते बाजूला सारलं.

"माझं घाला."

"अगं, काय फरक पडतो?"

"पडतो. घर तुमच्या नावावर, लाइट तुमच्या नावावर, माझा व्हिसासुद्धा तुमच्या नावावर. ह्या देशात एक जीव तरी माझ्या नावावर असू दे."

त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण आत्मारामरावांना ते लागलं. तोपर्यंत त्यांना ते कधी सुचलंच नव्हतं.

चौथ्या मजल्यावरच्या मॅडमने ह्याला काय नाव ठेवलं होतं कोण जाणे. अंगाचं वेटोळं करून झोपायचा म्हणून बाईंनी गुंड्या ठेवलं. हा गुंड्या म्हणजे अस्सल चोर. मोजे, चाव्या, रिमोटचं झाकण, आत्मारामरावांच्या चष्म्याचं कापड, जे हाताला लागेल ते सोफ्याखाली. अंगाला वासही येई, कितीही पुसा. तीस वर्षं घराबाहेर पडताना एसी बंद करायला बायकोला ओरडणाऱ्या आत्मारामरावांच्या घरात आता रिकाम्या खोलीतही एसी चालू राहायला लागला. आणि सोमवार, गुरुवार घरात अंडंही न फोडणारी बाई उपास धरून, नाक न मुरडता, गुंड्यासाठी चिकनचे बारीक तुकडे करू लागली. "देवाने त्याला मांसावर जगायला घातलंय, त्याला काय साबुदाणा देऊ?" असं म्हणायची आणि हात धुऊन देवापुढे दिवा लावायची.

आत्मारामरावांनी आधी चार हात लांब राहायचं ठरवलं होतं. ठरवलेलं महिनाभरही टिकलं नाही. संध्याकाळी ते लुंगी नेसून बातम्या ऐकत बसले की गुंड्या लुंगीच्या घोळात शिरायचा आणि झोपायचा. मग उठता यायचं नाही. चहा पुढ्यात येईपर्यंत, फोन वाजून वाजून थांबेपर्यंत हा शिस्तीचा माणूस हलायचा नाही. "झोपलाय गं," एवढंच हळू आवाजात सांगायचा. अशी चार-पाच वर्षं गेली.

मग कंपनीचा मालक थकला, मुलांना धंद्यात रस नव्हता, आणि कंपनी गुंडाळायचं ठरलं. आत्मारामरावांना त्याचं फार वाईट वाटलं नाही. कोल्हापूरला घर होतं, मुलगा संग्राम तिथेच होता. शेवटचं काम म्हणून त्यांनी सगळ्या कामगारांचे कागद मार्गी लावले आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे हातात घेतले. नियमाप्रमाणे आधी बायकोचा व्हिसा रद्द, मग स्वतःचा. तिकिटं काढली, गाडी विकली, फ्लॅटच्या चाव्या कधी द्यायच्या तेही ठरलं. गुंड्याची फाइल तर सगळ्यात जाड झाली होती. लशी, चिप, तब्येतीचा दाखला, देशाबाहेर नेण्याची परवानगी. इथून बाहेर पडायला लागणारं काही म्हणता काही राहिलं नव्हतं.

ती फाइल काखेत मारून ते विमानाने माल पाठवणाऱ्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मल्याळी पोराने एकेक कागद उलटून पाहिला आणि मान वर केली.

"सर, सब पर्फेक्ट. और इंडिया साइड का परमिशन?"

"इंडिया का? अरे भाई, हम इंडियन हैं. घर जा रहे हैं."

"आप इंडियन हैं, सर," तो पोरगा अगदी आदराने म्हणाला. "ये?"

आत्मारामरावांना आधी हसू आलं. मग त्या पोराने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. कायमचं परतणाऱ्याला सामानाबरोबर कुत्रा किंवा मांजर नेता येतं. त्यापलीकडच्या प्राण्याला सरकारचा वेगळा आयात परवाना लागतो, तो आधी मिळवायचा, आणि घरच्या एका फेरेटसाठी असा परवाना कुणाला मिळाल्याचं त्या पोराच्या ऐकिवात नव्हतं. आत्मारामरावांनी तिथूनच मुंबईच्या दोन एजंटांना फोन लावले. दोघांनीही तेच सांगितलं. एकाने वर विचारलं, "फेरेट म्हणजे काय असतं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद डोळ्यांत तेल घालून तपासले, त्याने स्वतःच्या देशाचा नियम एकदाही उघडून वाचला नव्हता. कारण तो देश त्याच्या लेखी देश नव्हताच, घर होतं. आणि घराला कसला नियम? आता व्हिसा रद्द झालेला, देश सोडायची मुदत चालू झालेली, थांबायला नोकरी नाही, राहायला फ्लॅट नाही. मेट्रोतून परतताना त्यांचं स्टेशन मागे गेलं तेही त्यांना कळलं नाही.

कमलिनीबाई पातेली वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. गुंड्या त्याच खोक्यात शिरून कागद ओढत होता. आत्मारामरावांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसून सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"म्हणजे टाकून जायचं," त्या म्हणाल्या.

"टाकून कशाला? कुणाला तरी देऊ. चांगलं घर बघू."

"चौथ्या मजल्यावरची पण असंच म्हणाली असेल. शोधलं असेल तिनेही. नाही मिळालं घर, मग ठेवला कचऱ्यापाशी." थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, "मी तिला काय काय बोलले हो."

चांगलं घर मिळणं सोपं नव्हतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला. वीस जणांनी बदामाचं चित्र पाठवलं, घ्यायला एकही तयार नाही. कुणाच्या बिल्डिंगमध्ये चालत नाही, कुणाला वासाची शिसारी. एका घरातल्या मुलीने "सो क्यूट, कॅन आय कीप हिम?" म्हटलं आणि तिच्या आईने फोन हातातून काढून घेतला. एकजण तयार झाला, पण त्याला बागेतल्या मोकळ्या पिंजऱ्यात ठेवायचा होता, आणि मे महिना तोंडावर आलेला. बाईंनी त्याला फोनवरच वाटेला लावलं.

रोल्ला नावाच्या वस्तीत श्रीनाथ हा त्यांचा जुना दोस्त होता. तिथे त्याचं किराण्याचं दुकान होतं. चौगुले आणि तो एकाच वर्षी इथे आले होते. त्याने दुकानातच खुर्ची ओढून दिली.

"आत्म्या, तू म्हणजे ना! एवढंसं लांबडं जनावर. दाखल्यावर मांजर लिहायचं, बास. माझा एक ओळखीचा एजंट आहे. तीनशे दिरहम घेईल, म्हणजे आपले सात हजार. मुंबईला कोण पिंजऱ्यात डोकं घालून बघतंय? यल्ला, चल, हो म्हण."

"मी खोटा कागद केला नाही कधी, श्रीनाथ."

"म्हणून तर देव तुला आज एक खोटा कागद माफ करतोय," श्रीनाथ म्हणाला. आत्मारामराव चहा अर्धा टाकून उठले.

त्या रविवारी संग्रामचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, बाई कपडे घडी करत होत्या, आत्मारामराव समोरच बसलेले. संग्राम आता चाळिशीला टेकलेला, मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, मोजकं बोलणारा. विमानतळावर गाडी घेऊन येतो, सामान किती आहे, एवढं झालं. मग बाईंनी गुंड्याचं काढलं. काढलं ते संपेना. शेवटी तो कंटाळला असावा.

"आई, बास की आता. प्राणीच आहे. दे कुणाला तरी. राहील तो."

"असा कसा राहील रे? माझ्याशिवाय जेवत नाही तो."

"मी नाही राहिलो मावशीकडे? मेलो का?"

फोनमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. संग्राम सातवीत असतानाची ती गोष्ट. त्या वर्षी कंपनीचे पगार रखडले होते, इथल्या शाळेची फी झेपेना, म्हणून त्याला कोल्हापूरला मावशीकडे ठेवलं होतं. एका वर्षासाठी म्हणून ठेवलं आणि तो तिथेच वाढला. ह्या देशात अशी कितीतरी घरं आहेत. त्यावर घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"तसं नव्हतं म्हणायचं मला," संग्राम म्हणाला. "तुम्ही नीट या. फोन ठेवतो."

बाईंनी घडी केलेला शर्ट उलगडला आणि पुन्हा घडी केला. त्यानंतर दोन दिवस त्यांनी गुंड्याला हातातून खाली ठेवलं नाही. आत्मारामरावांना ते बघवेना. आयुष्यभर ही बाई आपल्या सहीवर आली, सहीवर राहिली, आता सहीवरच निघाली. तिच्यासाठी एक खोटा शब्द लिहिला तर काय आभाळ कोसळणार आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा रोल्ल्याला गेले. श्रीनाथच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "सांग तुझ्या एजंटाला. मांजर लिहू दे."

श्रीनाथने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा करायचं त्याच्या ओठावर आलेलं परत गेलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. सांगताना कान तापले होते, चोरी कबूल करणाऱ्या पोरासारखे. त्यांना वाटलं होतं ती रडेल, देवापुढे साखर ठेवेल. कमलिनीबाईंनी मान वर केली.

"तुम्ही लिहिणार? मांजर?"

"हो. तुझ्यासाठी."

बाईंनी त्यांचा हात धरला. लग्नाच्या इतक्या वर्षांत दिवसाउजेडी धरला असेल नसेल.

"नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनात आलं, मला सगळं मिळालं. पण नको. मुंबईत कुणी पिंजरा उघडला तर आपल्याला काय होईल? दंड होईल, ओरडतील, घरी सोडतील. त्याला कोण घरी सोडेल? तो विमानतळावरच्या गोदामात पडेल, नाही तर त्याला मारून टाकतील. मग मी चौथ्या मजल्यावरचीपेक्षा बरी कशी? तिने निदान त्याला खोटं नाव तरी दिलं नाही."

आत्मारामरावांनी श्रीनाथला फोन करून नाही सांगितलं. मग ते दोघं तसेच खोक्यांच्या मधल्या जागेत बसून राहिले. आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याची आत्मारामरावांना लाज वाटली. आणि बायको आपल्यापेक्षा मोठी आहे हे त्यांना त्या दिवशी पक्कं कळलं.

घर मिळालं ते दवाखान्यातून. डॉक्टरांच्या मदतनिसाला आठवलं की खोर फक्कानहून एक मुलगी आपलं फेरेट दाखवायला इथवर येते. यम्ना तिचं नाव. नंबर मिळाला. आत्मारामराव हिंदीत बोलायला लागले तर पलीकडून उत्तर आलं, "अंकल, तुमी मराठी काय? आमी रत्नागिरीचे." कोकणी मुसलमानाचं घर. बाप खोर फक्कानच्या बंदरात कामाला, पोरगी इथेच जन्मली, इथेच शिकली, बापाच्या पाठोपाठ बंदराच्याच ऑफिसात लागली. इंग्रजी फाडफाड, आणि घरात आईशी कोकणातली मराठी.

कमलिनीबाईंनी फोन घेतला. खायला काय देतेस, एसी रात्रंदिवस चालतो का, बाहेरगावी गेलीस तर कोण बघतं, तुझं जनावर मारकुटं तर नाही. पोरीने न कंटाळता सांगितलं. शेवटी बाईंनी विचारलं, "आणि लग्न होऊन गेलीस की?"

"काकी, आय विल टेक हिम विथ मी. इन्शाल्ला. आणि नाय जमला तर मी स्वतः घर शोधीन. प्रॉमिस."

"त्याला मराठी कळतं," बाई म्हणाल्या. "त्याच्याशी मराठीत बोल."

विमानाच्या आदल्या दिवशी श्रीनाथने दुकानाची गाडी काढली. डोंगरातून रस्ता पलीकडे उतरला तसा समुद्र दिसला आणि बंदरातल्या उंच क्रेन. बाईंनी पिंजरा मांडीवर घेतला होता.

यम्नाचं घर नीटनेटकं होतं. तिच्या आईने सरबत दिलं आणि खाल्ल्याशिवाय जायचं नाही असं बजावलं. यम्नाचं फेरेट काळं, गुंड्याहून लहान. दोघांनी एकमेकांना हुंगलं, फुसफुस केली, खोलीभर धावाधाव केली आणि दमून एकाच चादरीत वेटोळं करून झोपली. आत्मारामराव झोपलेल्या गुंड्याकडे बघत होते. गेल्या कित्येक वर्षांत तो दुसरीकडे कुठे झोपलाच नव्हता.

मालक बदलल्याचा कागद आत्मारामरावांनीच तयार करून आणला होता. कमलिनीबाईंनी देवनागरीत सही केली, सावकाश, वळण जपत. शेजारी यम्नाने केली. लसीची पुस्तकं, चिपचा नंबर, औषधं, सगळं हवाली झालं. आत्मारामरावांच्या तोंडून सवयीने "खलास" निघणार होतं, ते त्यांनी गिळलं.

"काकी," यम्ना हळूच म्हणाली, "तो झोपलाय तवर तुमी निघा. इट्स इझियर. उठला की मी बघते."

श्रीनाथने गाडीची चावी उचलली. आत्मारामराव उठले. कमलिनीबाई उठल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो उठेपर्यंत मी बसते."

"अगं, डोंगरातला रस्ता आहे, अंधार पडेल."

"पडू दे." त्यांची नजर चादरीवरून हलली नाही. "संग्रामला ठेवलं ना, तेव्हा माझी ताई असंच म्हणाली. दुपारचा झोपलाय तोवर नीघ, उठला तर पाय धरील. मी निघाले. इथे आल्यावर तुम्ही विचारलंत, रडला का? मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं हो. झोपेत होता तो."

आत्मारामरावांना ते आठवलं. त्या उत्तरावर ते त्या दिवशी निश्चिंत झाले होते, आणि पोरगं शहाणं आहे असं ऑफिसात चार लोकांना कौतुकाने सांगितलंही होतं. ते खाली बसले, बायकोच्या शेजारी, जमिनीवर. श्रीनाथ चावी खिशात घालून बाहेर गेला.

बराच वेळ गेला. मग चादर हलली. गुंड्याने तोंड बाहेर काढलं, लांबलचक जांभई दिली आणि बाईंच्या हातापाशी आला. त्यांनी त्याला उचलून तोंडासमोर धरलं.

"गुंड्या, आम्ही चाललो. आता इथे राहायचं. ही यम्ना. मी परत येणार नाही, बाळा. तुला टाकलं नाही हं मी. तुला नेता येत नाही."

त्याने त्यांचं नाक हुंगलं. बाई तेव्हा रडल्या, मोठ्याने, लोकांच्या घरात. यम्नाच्या आईने येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गुंड्या हातातून उतरला, जरा वेळ त्यांच्या पायाशी घुटमळला आणि मग काळ्याच्या मागे आत पळाला. आत गेल्यावर तो परत आला नाही.

गाडीत बसल्यावर बाईंनी डोळे पुसले आणि फोन काढला. संग्रामने लगेच उचलला.

"संग्राम, एक सांगायचं होतं. मावशीकडे ठेवलं त्या दिवशी मी तुला उठवायला हवं होतं. रडला असतास तरी उठवायला हवं होतं. चुकलं माझं."

मग संग्रामचा आवाज आला, बसलेला.

"तो उठला का, आई? तुझा गुंड्या?"

"उठला. सांगून आले त्याला."

"बरं केलंस," संग्राम म्हणाला. आणि जरा थांबून म्हणाला, "ये आता."